दुर्बिणीला ऑटोगायडर हवाच काय? १८९८ च्या ग्रहणाची साक्ष

गेल्या काही वर्षांत आपल्या ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या परिसरातील विद्यार्थ्यांमध्ये आकाशाची छायाचित्रे काढण्याची हौस वाढीस लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. कुणी चुलत्याचा जुना कॅमेरा मागून घेतो, कुणी ईदीचे पैसे साठवून छोटी दुर्बीण घेतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे रंगीत चित्र कुठेतरी पाहिलेले असते आणि तसेच चित्र आपणही काढावे अशी इच्छा मनात घर करते. मग हळूहळू सामानाची यादी लांबू लागते. दुर्बीण झाली, तिची बैठक झाली, मोटर झाली. त्यानंतर कुणीतरी सांगतो, "ऑटोगायडर नसेल तर हे सर्व व्यर्थ आहे." ऑटोगायडर म्हणजे एका ताऱ्यावर सतत नजर ठेवून दुर्बीण जराशी सरकली की तिला आपोआप जागेवर आणणारे यंत्र. त्यासाठी दुसरी लहान दुर्बीण, दुसरा कॅमेरा, तारा आणि बहुधा एक संगणक लागतो.

येथे पालक थबकतात, आणि त्यांचे थबकणे रास्तच आहे. घरात शाळेची फी आहे, क्लासची फी आहे, धाकट्या बहिणीची पुस्तके आहेत. मुलाचा हट्ट पुरवावा तर खर्चाला अंत दिसत नाही. नाही म्हणावे तर मुलाची जिज्ञासा मारल्याचे पाप डोक्यावर. तेव्हा या यंत्राची नवशिक्याला खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न हौसेचा असला तरी घरखर्चाचा आणि शिक्षणाचाही आहे. याचे उत्तर दुकानातील यादीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे असे मला वाटते. सुदैवाने त्या इतिहासाची काही महत्त्वाची पाने आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच लिहिली गेली आहेत.

मूळ अडचण कोणती?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आकाश फिरताना दिसते. एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला आणि एका कलेचे ६० भाग म्हणजे विकला. आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंब सुमारे ३० कला रुंद असते. म्हणजे चंद्राच्या रुंदीइतके अंतर तारा अवघ्या दोन मिनिटांत तोडतो. डोळ्याला हे जाणवत नाही, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा मात्र साठवतो. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून झडप बराच वेळ उघडी ठेवली तर ताऱ्याच्या टिंबाऐवजी रेघ उमटते.

ही रेघ किती लांब उमटेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, झडप किती वेळ उघडी आहे. आणि दोन, भिंगाचे नाभीय अंतर किती आहे. नाभीय अंतर जितके मोठे तितके चित्र मोठे, आणि तितकीच चित्रातील चूकही मोठी. या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढील सारी कथा या दोहोंभोवतीच फिरते.

घड्याळ आणि मानवी डोळा

१८२४ मध्ये जर्मन कारागीर योसेफ फ्राउनहोफर याने डोर्पाट येथील वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण तयार केली. ती घड्याळी यंत्रणेने ताऱ्यामागोमाग फिरत असे. पुढे १८५० मध्ये अमेरिकेत हार्वर्ड येथे बॉन्ड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. एवढ्या तेजस्वी ताऱ्यालाही सुमारे १०० सेकंद लागले, इतक्या त्या काळच्या प्लेटा मंद होत्या. घड्याळी यंत्रणा एवढा वेळ कशीबशी निभावून नेत असे.

खरी परीक्षा अंधुक तेजोमेघांची होती. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी ५१ मिनिटे लागली. डिसेंबर १८८८ मध्ये इंग्लंडमधील आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी नक्षत्रातील तेजोमेघावर आपली २० इंची दुर्बीण सुमारे चार तास रोखून धरली, आणि त्याचे सर्पिल रूप प्रथमच कागदावर उमटले. हाच तो 'लहान ढग', ज्याची नोंद इस्फहानच्या अब्द अल्-रहमान अल्-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या आपल्या स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथात केली होती. अल्-सूफींपाशी दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता. होती ती सरावलेली नजर. ९०० वर्षांनंतर त्याच ठिपक्याचे रूप उलगडले, आणि तेव्हाही निर्णायक ठरली ती माणसाची नजरच.

ती कशी, ते सांगितले पाहिजे. घड्याळी यंत्रणा कितीही उत्तम असली तरी तिच्या दातेरी चाकांत सूक्ष्म दोष राहतातच. म्हणून छायाचित्र घेणाऱ्या दुर्बिणीच्या जोडीला त्याच बैठकीवर दुसरी दुर्बीण बसवीत. निरीक्षक तिच्या भिंगाला डोळा लावून बसे. भिंगात कोळ्याच्या धाग्यांची फुली असे. एक तारा त्या फुलीवर ठेवायचा आणि तो हलला की हाताने स्क्रू फिरवून परत जागेवर आणायचा, असे तास न् तास चाले. थंडीत बोटे बधिर होत, मान आखडे, पण नजर हटवता येत नसे. आज जे काम यंत्र करते ते तेव्हा माणूस करीत असे. सारांश, 'गायडिंग' ही कल्पना यंत्राबरोबर जन्मली नाही. यंत्राने फक्त माणसाच्या डोळ्याची आणि हाताची जागा घेतली.

कल्याणहून फुटणाऱ्या दोन वाटा

आता आपल्या प्रांतात येऊ. शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावर उतरली आणि दख्खन व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. हिजरी सन १३१५ चा शाबान महिना संपत आला होता आणि रमजानचा चाँद एक-दोन दिवसांवर होता. सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच होते, म्हणजे चांद्रमास संपताना. त्यामुळे हे ओघानेच आले. मुंबई-पुण्यात प्लेगाचे थैमान चालू असतानाही देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ या दोन मिनिटांच्या अंधारासाठी सातासमुद्रापार येऊन दाखल झाले.

विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला होता. 'मेलपोमीन' या युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' आजही दाखवले जातात. लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात येथूनच हेलियमचा शोध लावला असे पुष्कळदा छापले जाते. परंतु १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. त्यांची विजयदुर्गची मोहीम १८९८ ची. इतिहास सांगताना साल नीट पाहावे, हा धडा विद्यार्थ्यांनी येथे जाता जाता घ्यावा.

दुसरा तळ सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर येथे पडला होता, आणि तिसरा वऱ्हाडात तळणी या रेल्वे स्टेशनाजवळ. आपल्या वाचकांना गंमत वाटेल ती ही की, मुंबईहून रेल्वेने जेऊरला जायचे तर कल्याण गाठावे लागे आणि तळणीला जायचे तरी कल्याणच. कल्याण जंक्शनात लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा कर्जत व पुण्यावरून सोलापूरकडे, दुसरा कसारा व भुसावळवरून वऱ्हाडाकडे. त्या ग्रहणाच्या दोन अगदी भिन्न कॅमेऱ्यांच्या वाटाही जणू येथेच फुटतात. एका वाटेने गेला ४० फुटांचा कॅमेरा, दुसऱ्या वाटेने ९ इंचांचा.

जेऊर : चाळीस फुटांचा कॅमेरा

जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल आपली पत्नी एलिझाबेथ आणि स्वयंसेवक यांच्यासह आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग ५ इंच व्यासाचे होते, परंतु त्याचे नाभीय अंतर होते ४० फूट. एवढी लांब नळी सूर्यामागे फिरवणार कशी? म्हणून नळी फिरवण्याचा विचारच सोडून दिलेला होता. भिंग उंचावर पक्के बसवायचे, प्लेट खाली जमिनीलगत ठेवायची, आणि सूर्याची प्रतिमा जशी सरकेल तशी ती प्लेटच घड्याळी यंत्रणेने सरकवायची, अशी ही युक्ती होती.

हे का आवश्यक होते, याचा हिशेब दहावीचा विद्यार्थीही करू शकेल. ४० फूट म्हणजे सुमारे १२ मीटर. एवढ्या अंतरावर सूर्याचे बिंब सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचे पडते आणि ते दर सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर सरकते. दहा सेकंदांत आठ मिलिमीटर! प्लेट सरकली नाही तर चित्राचा केवळ लेप होईल. अशा कॅमेऱ्याला प्रतिमेचा अचूक पाठलाग ही चैन नव्हती, ती अट होती. या कॅमेऱ्याने सूर्याच्या कडेजवळच्या प्रभामंडलाचे, ज्याला करोना म्हणतात त्याचे, बारीक तपशील टिपले.

त्याच जेऊरला पुण्याचे एक भारतीय खगोलशास्त्रज्ञही होते. त्यांचे नाव प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, ते अध्यापक होते. भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली. तेथे ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण होती, त्या काळची हिंदुस्थानातील सर्वांत मोठी. ज्या कारखान्याच्या आणि ज्या मापाच्या दुर्बिणीने रॉबर्ट्स यांनी देवयानीचे चित्र घेतले, त्याच जातीची ही होती. नायगमवाला यांनी जेऊरला ग्रहणातील सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका हिंदी अध्यापकाने परदेशी मोहिमांच्या शेजारी आपला तळ ठोकावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तळणी : नऊ इंचांचा कॅमेरा

आता कल्याणहून दुसऱ्या वाटेने तळणीला जाऊ. तेथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा तळ होता. या संस्थेत हौशी निरीक्षकांचा मोठा भरणा होता. त्यांत ॲनी मॉन्डर या बाई होत्या. त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या होत्या. ग्रीनिच वेधशाळेत त्यांनी आकडेमोड करणारी साहाय्यक म्हणून काम केले होते. १८९५ मध्ये वेधशाळेतीलच वॉल्टर मॉन्डर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. नोकरी सुटली, पण अभ्यास सुटला नाही. गर्टन कॉलेजच्या अनुदानातून त्यांनी एक लहान कॅमेरा सिद्ध केला. भिंगाचा व्यास दीड इंच, नाभीय अंतर ९ इंच. आपल्या स्वयंपाकघरातील वाटीच्या तोंडाहूनही लहान असे ते भिंग.

या कॅमेऱ्यातून सूर्याचे बिंब जेमतेम २ मिलिमीटर उमटते. तपशिलाच्या दृष्टीने जेऊरच्या कॅमेऱ्यापुढे त्याची काय मातब्बरी? आणि तरीही सूर्यापासून निघालेला, सूर्यबिंबाच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब पसरलेला प्रभामंडलाचा एक किरण टिपला तो याच कॅमेऱ्याने. तोपर्यंत छायाचित्रात आलेला तो सर्वांत लांब किरण होता.

हे कसे घडले? यात जादू नाही, गणित आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला व्यासाने भागले की जो आकडा येतो त्यावर पसरट, अंधुक वस्तूचा प्रकाश प्लेटवर किती दाट पडेल हे ठरते. जेऊरच्या कॅमेऱ्याचा आकडा होता ४८० भागिले ५, म्हणजे ९६. तळणीच्या कॅमेऱ्याचा ९ भागिले दीड, म्हणजे ६. प्रकाशाची दाटी या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ९६ हे ६ च्या १६ पट, आणि १६ चा वर्ग २५६. म्हणजे तेवढ्याच वेळात त्या चिमुकल्या कॅमेऱ्याच्या प्लेटच्या प्रत्येक कणावर करोनाचा प्रकाश २५६ पट दाट पडत होता!

शिवाय दुसरी गोष्ट. ९ इंची कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटरचा साठावा भागच सरकते, म्हणजे जेऊरच्या प्रतिमेच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. पाठलागात थोडी चूक झाली तरी ती चित्रात दिसणार नाही. लहान नाभीय अंतराच्या भिंगाला वेळ कमी लागतो आणि चूकही कमी दिसते, असा हा दुहेरी फायदा आहे.

दोहोंपैकी कोणता कॅमेरा श्रेष्ठ, असा वाद घालण्यात अर्थ नाही. सूर्याच्या कडेचा तपशील हवा असेल तर ४० फूटच हवेत. पण त्याबरोबर घड्याळी यंत्रणा, उंच बांधणी, सरकती प्लेट आणि तालीम दिलेली माणसे हेही सर्व हवे. लांब पसरलेला अंधुक किरण हवा असेल तर ९ इंच पुरतात. आपल्याला काय टिपायचे आहे ते आधी ठरवावे, साधन नंतर निवडावे, हा १८९८ च्या ग्रहणाचा खरा बोध आहे.

निजामिया वेधशाळेतील चिकाटी

याउलट, जेथे अचूक पाठलागाला पर्यायच नव्हता असेही एक उदाहरण आपल्या शेजारी आहे. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेचा पाया घातला. पुढे ती निजाम सरकारकडे आली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हा मराठी मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता, म्हणून ही वेधशाळा आपल्यालाही परकी नाही. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचे जे आंतरराष्ट्रीय कार्य पॅरिसहून सुरू झाले होते, त्यातील आकाशाचे काही पट्टे हैदराबादने अंगावर घेतले. १९१४ पासून पोकॉक आणि त्यांच्यानंतर भास्करन यांच्या देखरेखीखाली हे काम चालले. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने तेथे मोजून प्रसिद्ध झाली.

अशा कामात तारा रेघेसारखा उमटला तर त्याचे स्थान मोजणार कसे? म्हणून या कामाच्या दुर्बिणींना पाहण्याची जोडनळी असे, आणि प्रत्येक प्लेटच्या वेळी निरीक्षक तीत डोळा घालून तारा फुलीवर धरून ठेवी. ही त्या प्रकल्पाची सर्वत्र रूढ पद्धत होती. पुस्तकात स्तंभामागून स्तंभ आकडे दिसतात. त्या प्रत्येक आकड्यामागे रात्री जागलेल्या कुणाचा तरी डोळा आहे हे आपण विसरू नये.

यंत्र केव्हा आले?

माणसाच्या डोळ्याऐवजी प्रकाशविद्युत घटाने तारा धरून ठेवावा, असा प्रयोग १९३७ च्या सुमारास अमेरिकेत व्हिटफोर्ड आणि क्रॉन यांनी केला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी हा प्रकाश टिपणारा तुकडा शोधून काढला. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. याच तुकड्याच्या आधारे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हौशी लोकांना परवडतील असे ऑटोगायडर बाजारात आले. त्यापूर्वीची हौशी मंडळी रात्रभर भिंगाला डोळा लावूनच चित्रे काढीत.

परंतु ज्या शोधाने ऑटोगायडर दिला त्याच मार्गाने त्याची गरजही पुष्कळ अंशी कमी केली, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पूर्वीच्या प्लेटला एकदा उघडली की तासभर उघडीच ठेवावी लागे. आजच्या कॅमेऱ्याने दहा-दहा सेकंदांची शंभर चित्रे घेता येतात आणि संगणकावर ती एकावर एक अचूक जुळवून बेरीज करता येते. प्रत्येक चित्रात तारा थोडा सरकलेला असला तरी संगणक त्याला परत जागेवर बसवतो. शंभर लहान चित्रे म्हणजे अगदी एका मोठ्या चित्राइतकीच असे नाही. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेऱ्याचा स्वतःचा थोडा कचरा येतोच. पण नवशिक्याच्या कामाला ती भरपूर होतात. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या सीस्टार एस-५० या लहान स्वयंचलित दुर्बिणीचे उदाहरण घ्या. तिचे भिंग ५० मिलिमीटरचे, नाभीय अंतर २५० मिलिमीटर. ती ऑटोगायडरशिवाय दहा-दहा सेकंदांची चित्रे घेऊन बेरीज करते. मॉन्डरबाईंचे भिंग होते सुमारे ३८ मिलिमीटरचे, नाभीय अंतर सुमारे २२९. सव्वाशे वर्षांनंतर कारखानदार पुन्हा त्याच मापाशी आले, हा योगायोग खचित नव्हे.

नवशिक्याने काय करावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थोडे आकडे पाहू, म्हणजे कुणाच्या सांगण्यावर विसंबावे लागणार नाही. एका मिलिमीटरात २५० पिक्सेल मावतात असा कॅमेरा धरू. ५० मिलिमीटर भिंगाला एक पिक्सेल म्हणजे सुमारे १६ विकला, २०० ला सुमारे ४ विकला, आणि १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीला सुमारे ०.८ विकला.

साध्या बैठकीतील मुख्य चाकाला १४४ दाते असतील तर त्याला फिरवणाऱ्या स्क्रूचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांत होतो. या फेऱ्यात दुर्बीण कधी थोडी पुढे, कधी थोडी मागे जाते. हे हेलकावे एकूण ४० विकलांचे धरले तर सर्वांत वाईट क्षणी चूक दर सेकंदाला सुमारे ०.२ विकला, म्हणजे अर्ध्या मिनिटात ६ विकला होते. ५० च्या भिंगाला ही चूक अर्ध्या पिक्सेलहूनही कमी, म्हणजे दिसणारच नाही. २०० च्या भिंगाला दीड पिक्सेल, म्हणजे चालून जाईल. १००० च्या दुर्बिणीला मात्र सात पिक्सेल, म्हणजे तारे स्पष्ट लांबट दिसतील. येथे ऑटोगायडर हवा, हे मान्य केलेच पाहिजे.

म्हणून माझे उत्तर असे : नवशिक्याला ऑटोगायडर नको. जेव्हा तो लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीने मिनिटामिनिटांची चित्रे घेऊ लागेल तेव्हा हवा, आणि तोवर तो नवशिका राहिलेला नसेल.

चंद्राला तर त्याची मुळीच गरज नाही. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात चंद्राचे उत्तम चित्र येते. तेवढ्यात आकाश सरकते ते सुमारे ०.१ विकला. गुरू, शनी यांची लहान चलचित्रे घेऊन त्यांतील चांगल्या चौकटी निवडतात, तेथेही नको. साध्या तिपाईवर २४ मिलिमीटर भिंगाने दहा सेकंदांची चित्रे घेतली तर नक्षत्रे सुरेख येतात. त्यानंतर साध्या मोटरच्या बैठकीवर १३५ किंवा २०० मिलिमीटरचे भिंग लावावे. मृगातील तेजोमेघ आणि देवयानी एवढ्यात येतात.

आपल्या परिसराच्या दोन खास अडचणी आहेत, आणि त्या दोन्ही ऑटोगायडरने सुटत नाहीत. पहिली म्हणजे शहराचा उजेड. ठाणे-डोंबिवलीच्या गच्चीवरून झडप फार वेळ उघडी ठेवली तर तारे येण्याआधी आकाशच पांढुरके होते. जेथे लांब एक्स्पोजरच निरुपयोगी, तेथे लांब एक्स्पोजरसाठी घेतलेले यंत्र काय कामाचे? तेच पैसे वांगणी, मुरबाड अशा अंधाऱ्या बाजूला जाण्यायेण्यासाठी ठेवावेत. मुंबईचे खगोल मंडळ वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन घडवीत आले आहे. कल्याणात आकाश मित्र मंडळ आहे. अशा मंडळींसोबत एक रात्र काढली तर मुलगा जे शिकेल ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

दुसरी अडचण ध्रुवताऱ्याची. बैठकीचा आस ध्रुवाकडे नेमका रोखला नाही तर मोटर असूनही तारे सरकतात. आपण सुमारे १९ अंश अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. धुक्यात, धुरात आणि उत्तरेकडच्या इमारतींमागे तो सहज लपतो. बैठक समतल करणे, उत्तर शोधणे, तारा कोणत्या बाजूस सरकतो ते पाहून आस थोडा थोडा हलवणे, ही विद्या हातानेच शिकावी लागते. ती न शिकता ऑटोगायडर लावला तर यंत्र एक तारा धरून ठेवील, पण चित्राच्या कडेचे तारे त्याभोवती फिरून वक्र उमटतील. एका बाजूची चूक झाकली जाईल, दुसऱ्या बाजूने ती बाहेर येईल.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालक बंधू-भगिनींनो, मुलाने किंवा मुलीने आकाशाचा कॅमेरा मागितला तर रागावू नका. पण यादीतील शेवटची वस्तू पहिल्याच वर्षी घेऊही नका. त्याला आधी सांगा, "चंद्राची महिनाभराची चित्रे काढून दाखव. मग नक्षत्रे दाखव. मग पुढचे पाहू." मुलीने मागितला तर दुप्पट आनंदाने द्या. नोकरी सोडावी लागलेल्या एका बाईने वऱ्हाडातल्या एका लहान स्टेशनाजवळ उभे राहून काय करून दाखवले ते वर सांगितलेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पुण्याच्या त्या २० इंची दुर्बिणीचे पुढे काय झाले हेही ऐकून ठेवा. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्या मागे वेधशाळा चालवणारा कुणी उरला नाही. वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनाल येथे रवाना झाली. तेथेही ती कित्येक वर्षे उभारलीच गेली नाही. १९५० च्या सुमारास कुठे तिला पुन्हा आकाश दिसले. हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण, आणि तिच्यामागे उभा राहणारा माणूस नाही म्हणून ती पेटीत पडून राहिली! दुर्बीण महाराजांच्या देणगीतून येऊ शकते, सरकारी अनुदानातून येऊ शकते, अब्बांच्या पगारातूनही येऊ शकते. पण रात्री जागणारा डोळा मात्र कोणत्याच दुकानात मिळत नाही. तो आपला आपणच घडवावा लागतो, आणि तो एकदा घडला की मग यंत्र कोणते घ्यावे हे विचारण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही.